घर कागदावर टिकतं : कोल्हापूरचं मांडरे कलासंग्रहालय आणि आपले बेनाव चित्रकार



आपले कार्यकर्ते कोल्हापूरला जातात ते शाहू जयंतीला, नाहीतर माणगाव परिषदेच्या आठवणीसाठी. बिंदू चौक, शाहू जन्मस्थळ, माणगाव पाहून गाडी परत फिरते. त्याच शहरात राजारामपुरीत एक घर आहे, जे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. चित्रकार आणि नट चंद्रकांत मांडरे यांचं ते राहतं घर. नाव 'निसर्ग'. आज ते चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय म्हणून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. जिथे माणूस राहिला आणि जिथे त्याने चित्रं काढली, तिथेच ती चित्रं लोकांना पाहायला मिळतात.

आंबेडकरी चळवळीच्या लिखाणात एका सिनेनटाच्या बंगल्याचं काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे. एखाद्या कलावंताचं घर का टिकतं आणि दुसऱ्याचं का टिकत नाही, या प्रश्नात जात आहे, मालमत्ता आहे आणि आपल्या आळसाचा हिशेबही आहे. आमचं म्हणणं सरळ आहे : घर विटांवर उभं राहतं, पण टिकतं कागदावर. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची आठवण बेघर झाली. त्या आठवणीला घर द्यायचं असेल तर कागदापासूनच सुरुवात करावी लागेल.

मांडरे कोण होते?

चंद्रकांत मांडरे यांचा जन्म १९१३ चा. मूळ नाव गोपाळ. चित्रकलेत आणि चित्रपटात ते कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झाले. १९३६ सालच्या 'सावकारी पाश' या बोलपटातून ते पडद्यावर आले. पुढे 'शेजारी', 'सांगत्ये ऐका' अशा चित्रपटांमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. नट म्हणून नाव झालं तरी त्यांनी कुंचला सोडला नाही. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं आणि पावडर शेडिंगची कामं ते करत राहिले. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट अशी की आपलं राहतं घर आणि आपली चित्रं त्यांनी शासनाला दिली. राजारामपुरीसारख्या वस्तीतला बंगला विकून कोणालाही पैसा करता आला असता. पण घर लेखी सार्वजनिक झालं, म्हणून आज तिथे कोणीही माणूस, कोणत्याही जातीचा, आत जाऊन चित्रांसमोर उभा राहू शकतो. या दानाबद्दल आम्हाला आदरच आहे.

आता 'सावकारी पाश'ची गोष्ट आठवा. बाबूराव पेंटरांनी हा विषय दोनदा पडद्यावर आणला, १९२५ मध्ये मूकपट म्हणून आणि १९३६ मध्ये बोलपट म्हणून. मूळ कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीचा मजूर होतो. ज्या नटाने या कथेतून कारकीर्द सुरू केली, त्याने पुढे कागदाचाच वापर करून आपलं घर लोकांच्या नावे केलं. कागदाने घर जातं, तसं कागदाने घर राहतंही. कागद कोणाच्या हातात आहे, एवढाच फरक.

हात होते, सही नव्हती

कोल्हापूरची चित्रपरंपरा शाहू महाराजांच्या काळात बहरली हे सगळेच सांगतात. ती कोणाच्या हातून बहरली, हे कमी सांगितलं जातं. बाबूराव पेंटर हे मिस्त्री, म्हणजे सुताराच्या घरातले. लाकूड, धातू, यंत्र यांची जाण त्यांना घरातल्या कामातून आली. कोणत्याही मोठ्या विद्यालयाचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. आतेभाऊ आनंदराव पेंटर यांच्यासोबत ते नाटकांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ मध्ये गेले. त्यानंतर बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. या देशात शिल्प, चित्र, विणकाम, कातडीकाम, मातीकाम करणारे हात शूद्र-अतिशूद्रांचे होते. देवळं त्यांनी घडवली, मूर्ती त्यांनी घडवल्या. पण हाताने काम करणारा खालचा आणि त्या कामावर पोथी लिहिणारा वरचा, असा कायदा जातीने केला. त्यामुळे कारागिराला मजुरी मिळाली, सही मिळाली नाही. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कला विद्यालय सुरू झालं. त्यानंतर चित्राखाली चित्रकाराचं नाव येण्याची रीत रुळली. ही रीत आली तेव्हा शिक्षण, फी आणि मुंबईत राहण्याची सोय ज्यांच्याकडे होती, त्यांची नावं आधी आली.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या. आपण हा निर्णय नोकरीच्या संदर्भात सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यांचा कलावंतांना दिलेला आश्रय याच विचाराचा भाग होता. पैलवान असो, गवई असो की चित्रकार, हाताला कौशल्य असलेल्या माणसाची त्यांनी कदर केली. महाराज आणि बाबासाहेब यांच्या पहिल्या भेटीच्या हकिकतीतही कोल्हापूरचे एक चित्रकार, दत्तोबा दळवी, यांचं नाव येतं. पुढे ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद झाली. आपल्या इतिहासाच्या इतक्या मोठ्या वळणावर एक चित्रकार उभा आहे आणि आपल्या पोरांना त्याचं नावही माहीत नाही.

आबालाल रहमान यांचं घर कुठे आहे?

मांडरे यांच्याआधीच्या पिढीतले आबालाल रहमान हे कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतलं फार मोठं नाव. जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोटितीर्थाच्या काठी साध्या घरात, जवळपास संन्याशासारखे राहिले. पाणी, झाडं, धुकं, पहाटेचा उजेड त्यांनी असा पकडला की जाणकार आजही त्यांचं नाव आदराने घेतात. १९२२ मध्ये महाराज गेले, १९३१ मध्ये आबालाल गेले. आयुष्यभर रोज काम करणाऱ्या या माणसाची फारच थोडी चित्रं आज पाहायला मिळतात. बाकीची गेली.

दोघे एकाच शहरातले. एकाचं घर सरकारी संग्रहालय झालं, दुसऱ्याच्या कामाचा मोठा भाग नष्ट झाला. यात मांडरे यांचा काही दोष नाही. आबालाल यांच्यामागे मालमत्ता नव्हती, संस्था नव्हती, कामाची यादी नव्हती. आश्रय देणारा राजा होता तोवर सगळं होतं. राजा गेला आणि आधार गेला. राजाच्या कृपेवर उभी राहिलेली आठवण राजासोबत जाते, हा धडा आपण शाहू महाराजांवर प्रेम करणाऱ्यांनीच आधी घ्यायला हवा. आज राजा नाही, सरकार आहे. कृपा मात्र तशीच बदलते. मंत्री बदलला की स्मारकाची फाईल खाली जाते.

कर्जदाराची यादी

जगाकडे एकदा पाहू. नेदरलँड्सचा रेम्ब्रांट हा जगातल्या सर्वांत थोर चित्रकारांपैकी एक. १६३९ मध्ये त्याने ॲमस्टरडॅममध्ये मोठं घर घेतलं, तिथेच त्याची चित्रशाळा होती. घराचे पैसे फिटले नाहीत. १६५६ मध्ये तो दिवाळखोर ठरला आणि १६५८ मध्ये घर विकलं गेलं. दिवाळखोरीच्या वेळी अधिकाऱ्यांनी त्याच्या घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी केली होती. कोणत्या खोलीत कोणतं चित्र, कोणता पुतळा, कोणती खुर्ची, सगळं लिहून ठेवलं. १९११ मध्ये त्या घराचं संग्रहालय झालं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस घर पुन्हा जुन्या रूपात मांडताना हीच यादी कामाला आली.

माणसाचं घर हिरावून घेण्यासाठी केलेल्या कागदाने साडेतीनशे वर्षांनी ते घर पुन्हा उभं केलं. आपल्याकडे हा कागदच नसतो. आपल्या माणसाचं घर जातं तेव्हा आत काय होतं हे लिहायला कोणी येत नाही. पत्रा उचलला जातो, सामान रस्त्यावर येतं, बुलडोझर फिरतो. पंचनामा होतोच असं नाही, आणि झाला तर त्यात 'किरकोळ सामान' एवढंच असतं. त्या किरकोळ सामानात कोणाची वही होती, कोणाचं चित्र होतं, हे कोण लिहिणार?

आपला अनुभव

बाबासाहेबांना कागदाचं आणि घराचं नातं पक्कं कळत होतं. १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते ग्रंथांना घर हवं म्हणून. घर स्वतःच्या मालकीचं होतं. म्हणून राजगृह आजही उभं आहे आणि त्याच्या तळमजल्यावर लोक बाबासाहेबांच्या वस्तू पाहतात. ७ जुलै २०२० ला तिथे तोडफोड झाली तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला. घर जागेवर होतं, म्हणून त्याच्यासाठी उठता तरी आलं.

दिल्लीतलं २६ अलीपूर रोड हे घर मात्र त्यांच्या मालकीचं नव्हतं. तिथेच ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. १९६७ च्या जानेवारीत ते घर रिकामं करून घेताना बाबासाहेबांची कागदपत्रं उघड्यावर टाकली गेली आणि रात्रीच्या पावसात भिजली. किती गेली याचा हिशेब लागणार नाही. उरलेलं साहित्य गोळा होऊन, वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघायला १९७९ साल उजाडलं. त्याच जागेवर २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचं उद्घाटन झालं. इमारत भव्य आहे. पण त्या पावसात भिजलेलं पान भव्य इमारतीने परत येत नाही.

लंडनचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथेही संग्रहालयाच्या परवानगीवरून स्थानिक पालिकेशी वाद झाला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे राज्य सरकारने घेतलेल्या घरालाही कागद पूर्ण करावा लागला.

आणि २५ जून २०१६ ची पहाट विसरता येत नाही. दादरचं आंबेडकर भवन आणि त्या आवारातली बुद्धभूषण प्रेसची वास्तू जमीनदोस्त करण्यात आली. इमारत धोकादायक असल्याचं कारण दिलं गेलं, त्यामागे ट्रस्टमधला वाद होता. जुलैमध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पण प्रेस परत आली नाही. नोंदणीकृत ट्रस्ट असला की सगळं सुरक्षित, हा समज त्या पहाटे मोडला. ट्रस्टच्या कागदावर समाजाचा डोळा नसेल तर तोच कागद पाडकामाचा परवाना होतो.

पण व्यक्तिपूजा नको ना?

काही तरुण साथी विचारतील : बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका १९४३ च्या रानड्यांवरील भाषणात सांगितला, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत पुन्हा सांगितला. मग कलावंतांची घरं जपणं ही पूजा नव्हे का?

प्रश्न योग्य आहे. आमचं उत्तर असं. पुतळ्यापुढे आपण हात जोडतो. चित्रशाळेत गेल्यावर आपण हात जोडत नाही, वाकून पाहतो. रंग कसा घोटला, रेघ कुठे पुसली, चित्र अर्धं का राहिलं हे पाहतो. तिथे चमत्कार संपतो आणि मेहनत दिसते. आपल्या पोराला कलावंत व्हायचं असेल तर त्याला पुतळ्यापेक्षा ही मेहनत दिसण्याची गरज जास्त आहे. बाबासाहेब स्वतः उतारवयात चित्रकला शिकत होते. देश घडवून झाल्यावरही विद्यार्थी म्हणून कागदासमोर बसणारा हा माणूस होता. त्यांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता. जगाकडे पाहणारा बुद्ध. तोच डोळा उघडा ठेवून पाहणं म्हणजे संग्रहालय.

दुसरा आक्षेप असा की आधी शिक्षण, नोकरी, घर; संग्रहालय ही पोट भरलेल्यांची हौस आहे. पण आपली चळवळ पोट भरेपर्यंत थांबली नाही. जलशे निघाले तेव्हा कोणाचं पोट भरलेलं होतं? अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. ती झोपडी त्यांचं घरही होती आणि लिखाणाची जागाही. आपल्या कलावंताची चित्रशाळा म्हणजे दहा बाय दहाची खोली, रात्री सगळे झोपल्यावर मोकळी होणारी जमीन. तिला संग्रहालय म्हणायला आपलीच जीभ अडखळते, कारण संग्रहालय म्हणजे वाडा किंवा बंगला हे आपल्या डोक्यात कोणीतरी भरलं आहे.

खारघरमधून काय करता येईल?

आम्ही हे खारघरमधून लिहितो आहोत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कागदावर आखलेलं शहर इथल्या गावांच्या शेतांवर, मिठागरांवर उभं राहिलं. सातबारा, साडेबारा टक्के, वाटपपत्र हे शब्द इथल्या भूमिपुत्रांना पाठ आहेत, कारण एका कागदाने त्यांचं आयुष्य उलटंपालटं केलं. आणि आपल्यातली कितीतरी कुटुंबं परळ, नायगाव, वरळी, चेंबूरच्या चाळींतून आणि वस्त्यांतून इथल्या सेक्टरांत राहायला आली. पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर झालं. ही मोठी झेप आहे.

पण चाळ सोडताना माळ्यावरचं काय झालं? त्या चाळींत बोर्ड रंगवणारे, पडदे रंगवणारे, १४ एप्रिलच्या चित्ररथांवर बाबासाहेब आणि बुद्ध काढणारे हात होते. विहारांच्या भिंती त्यांनी रंगवल्या. पँथरच्या मोर्चांचे फलक त्यांनी लिहिले. मजुरी घेतली किंवा तीही घेतली नाही, आणि सही तर बहुतेकांनी केलीच नाही. मग फ्लेक्स आला आणि हे हात रिकामे झाले. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, जुन्या खोल्या जात आहेत. नव्या वन बीएचकेत जुनी पत्र्याची पेटी मावत नाही म्हणून ती भंगारात जाते. त्या पेटीत चळवळीचा चित्रइतिहास असू शकतो.

आज सवी सावरकर, प्रभाकर कांबळे, विक्रांत भिसे यांच्यासारखे चित्रकार जातीचा आणि आपल्या लढ्याचा विषय घेऊन मोठ्या दालनांत उभे आहेत, याचा अभिमान आहे. पण त्यांच्या मागे जी बेनाव पिढी होती ती कुठे मांडणार?

आमचा प्रस्ताव साधा आहे आणि त्याला सरकारची वाट पाहावी लागत नाही.

पहिलं, यादी करा. तुमच्या ओळखीत कोणी जुने पेंटर असतील तर त्यांच्याकडे जा. नाव, गाव, कोणाकडे शिकले, कोणत्या विहाराची भिंत, कोणत्या सालचा चित्ररथ, हे त्यांच्याच तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करा. चित्राचा फोटो पुढून आणि मागून घ्या, कारण तारीख आणि नाव पुष्कळदा मागे असतं. जुन्या चित्राला लॅमिनेशन करू नका. कोकणातल्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका.

दुसरं, लेखी परवानगी घ्या. कायद्याने चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. चित्र छापताना, प्रदर्शनात मांडताना त्यांचं नाव आणि संमती हवीच. ज्यांना इतकी वर्षं सही नाकारली, त्यांचं नाव आपणही गाळलं तर आपण कोणाच्या रांगेत उभे राहतो?

तिसरं, कोणी घर, खोली किंवा संग्रह समाजाला देणार असेल तर तोंडी शब्दावर राहू नका. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवी, आणि त्याचे हिशेब दरवर्षी विहारात मोठ्याने वाचले गेले पाहिजेत. २०१६ चा धडा हाच आहे.

चौथं, सुरुवात विहारातल्या एका कपाटापासून करा. प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. एका जागी पाणी शिरलं तरी दुसरी उरेल.

आणि पुढच्या शाहू जयंतीला कोल्हापूरला जाल तेव्हा राजारामपुरीत जरूर जा. मांडरे यांच्या घरात पोरांना घेऊन फिरा. मग कोटितीर्थावर जा आणि त्यांना आबालाल रहमान यांचं नाव सांगा. मग त्यांनाच विचारा, की आपल्या वस्तीतल्या पेंटरकाकांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर 'नाही' आलं तर यादीचं पहिलं पान त्याच रात्री, परतीच्या गाडीत लिहायला घ्या.

जय भीम! जय शाहू! जय भारत!